भास्करदादा एका वेळी एकच पार्ट बदलत

दीड महिन्यापूर्वी, रविवारी सकाळी सव्वासातला भास्करदादांच्या मुलीचा फोन आला. "काका, बाबा गेले... झोपेतच." मी तेव्हा गाडीवरचं कापड काढत होतो. दहा वाजता ते यायचे होते. भास्कर गांगुर्डे सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, आणि माझ्या वडिलांनी घेतलेल्या दोन सीटच्या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारचे बावीस वर्षं मिस्त्री.

पुढच्या आठवड्यात जुन्या गाड्यांच्या मालकांनी गंगापूर रोडला शोकसभा घेतली. चौघं बोलले आणि चौघांनीही एकच सांगितलं, दादांच्या हातात जादू होती, नुसता हात लावला की गाडी सुरू व्हायची. एक जण तर म्हणाला, "शिक्षण कमी, पण दैवी देणगी!" मला संताप आला, तो अजून उतरलेला नाही. जादू कसली? दादा फीलर गेजची पातळ पट्टी घालून मोजल्याशिवाय इंजिनाला ठिणगी देणाऱ्या पॉइंटच्या फटीबद्दल एक शब्द बोलत नसत. आयुष्यभर जो माणूस मोजून काम करत आला, त्याचं मोजणं चार भाषणांत पुसून टाकलं, आणि वर टाळ्या.

एक प्रसंग सांगतो. एका उन्हाळ्यात गाडी त्र्यंबकच्या रस्त्याला अठरा किलोमीटर झाले की बंद पडायची, आणि वीस मिनिटं थांबलं की मुकाट सुरू व्हायची. दादा गावी गेलेले. मी एका दिवसात ठिणगीसाठी लागणारे कॉइल आणि कंडेन्सर, आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप, असे तिन्ही पार्ट बदलले. गाडी पळायला लागली. दादा परत आल्यावर मी ऐटीत सांगितलं.

"तिन्हीतलं कोणतं खराब व्हतं?"

"आता काय करायचंय, दादा? चालतेय ना?"

"डोकं दुखलं म्हणून डोकं, कान, नाक समदंच बदलाल का? काढा ते."

त्यांनी चांगली चालणारी गाडी पुन्हा बिघडवली! जुने तिन्ही पार्ट परत बसवले आणि गाडी अठराव्या किलोमीटरला बंद पडेपर्यंत पळवली. मग एका रविवारी नवा पंप लावून तोच रस्ता... गाडी बंद. पंप काढला, पुढच्या रविवारी कॉइल... बंदच. तिसऱ्या रविवारी कंडेन्सर बदलला आणि गाडी त्र्यंबकला जाऊन आली. अंगठ्याएवढ्या एका पार्टचा दोष होता. मी मात्र त्याच्याबरोबर एक चांगली कॉइल आणि एक चांगला पंप भंगारात टाकायला निघालो होतो, आणि ह्या गाडीचे पार्ट आता सहज मिळत नाहीत. शेजारी हसत होते. दादा म्हणाले, "हसू द्या. कारण सापडलं का न्हाई?"

हे सगळं मला माहीत होतं, म्हणून पुढचं लिहिताना जास्त लाज वाटते. दोन वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात माझ्या गाडीसमोरच्या कार्डावर फक्त माझं नाव होतं. दादा बॉनेटची कडी नीट करायला वाकले, तर एक स्वयंसेवक ओरडला, "काका, हात नाही लावायचा! दोरीच्या मागे!" दादा हसले. "बरं बाबा, नाय लावत." आणि मागे सरले. मी चार पावलांवर फोटो काढून घेत होतो. मला ऐकू आलं होतं. मी पुढच्या फोटोसाठी हसलो.

म्हणून यंदा प्रदर्शनाचा फॉर्म भरताना आयोजकांना फोन केला. मिस्त्रींचं नाव कार्डावर हवं, म्हटलं.

"तसा रकाना नाही हो. आणि ते आता नाहीत ना?"

"गाडी आहे ना!"

"पुढच्या वर्षी बघू..."

दोनच दिवसांनी गाडी पुन्हा अडखळायला लागली. एका चकाचक गॅरेजवाल्याने सांगितलं, "जुनं सगळं काढून इलेक्ट्रॉनिक टाकतो, साहेब. तीन तासांत मोकळे." मी नको म्हटलं. आधी पॉइंटची फट मोजून बरोबर केली आणि गाडी पळवली. फरक नाही. मग एकच प्लग बदलला आणि पुन्हा पळवली. फरक नाही. अजून सहा गोष्टी तपासायच्या आहेत, आणि रविवार आठवड्यातून एकदाच येतो. प्रदर्शन चुकणार, हे उघड होतं.

काल नोंदणी रद्द करण्याचा फॉर्म भरला. त्यात मात्र एक रकाना आहे, 'कारण'. मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'गाडीचे मिस्त्री श्री. भास्कर गांगुर्डे वारले. त्यांच्या पद्धतीने बिघाड शोधणे चालू आहे.'