चार बोटं आखूड

बायकांनी पँट घालून रस्त्यावर हिंडायचं नाही, असा हुकूम आमच्या कुआला सिरोनमध्ये निघाला, त्या दिवशी जुवैरिया शिंपीण ओसरीवर बसून उशांचे अभ्रे शिवत होती. तिला त्या हुकुमाचं ना सुख ना दुःख. पन्नास वर्षांत तिनं पँट घातली नव्हती, आणि घालावीशीही वाटली नव्हती. पण आठवडा उलटायच्या आत सदाचार पथकाचे प्रमुख तेंगकू झुल्किफ्ली स्वतः तिच्या दारात हजर. गावात सगळे तिला माक, म्हणजे आई, म्हणायचे; तेही म्हणाले.

"माक, पुलावर आमची माणसं उभी राहणार. पँटवाली बाई दिसली की थांबवायची, वहीत नाव लिहायचं, आणि पँटवरून घालायला एक पायघोळ स्कर्ट द्यायचा. फुकट. ते स्कर्ट तुम्ही शिवायचे."

"शिवते की. कुठल्या मापाचे?"

"सरकारी मापाचे."

"अहो तेंगकू, बायका कुठं सरकारी मापाच्या असतात?"

"हुकुमात एकच माप दिलंय," तेंगकू म्हणाले, आणि कापडाचे गठ्ठे ओसरीवर उतरवून गेले.

तर त्या पावसाळ्यात गावातल्या ठेंगण्या बायका स्कर्टात पाय अडकून धडपडल्या, उंच बायका बगळ्यासारख्या दिसल्या, आणि जुवैरियाचं मशीन दिवसभर खडखडत राहिलं. मशीन तिच्या आईचं. काळं, हातानं फिरवायचं, लाकडी पेटीत बसणारं. मुठीचं लाकूड दोन पिढ्यांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेलं, आणि बॉबिनचं झाकण मोडल्यामुळे लाल दोऱ्यानं बांधलेलं. नवरा मलेशियात कामाला म्हणून गेला तो तिथलाच झाला. त्याच्यामागं दोन पोरींना या मशीननं खाऊ घातलं, शिकवलं, उजवलं. जुवैरिया कधी कधी त्याच्याशी बोलायची. नवऱ्याशी नव्हे, मशीनशी.

एका बुधवारी दुपारी ती शेजारच्या बारशाला जेवायला गेली. परत येऊन बघते तर मशीन नाही. पेटीसकट गेलेलं. सुईच्या दाबाखाली अर्धा शिवलेला सरकारी स्कर्ट होता, तो मात्र काढून नीट घडी घालून ठेवलेला. तिनं मशीनचा मोकळा पाट उचलून त्याच्या खालीही बघितलं. मग चपला घालून तडक चौकी गाठली.

चौकीत एकटा हवालदार. तोही बूट बांधत होता.

"मशीन चोरीला गेलंय माझं. आत्ता. दुपारी. माणसं पाठवा."

"माणसं पुलावर आहेत, माक. पथकाच्या मदतीला."

"मग गाडी काढा."

"गाडीही पुलावर आहे. तीन वाजता मीही पुलावर." तो जरा ओशाळला. "अर्ज तेवढा घेतो. पण चोरीचे छापील अर्ज संपलेत. हा पोशाखाचाच आहे, यावर चालवून घेऊ. रंग?"

"काळा."

"तंग की सैल?"

"अरे मुडद्या, मशीन आहे ते!"

"तंग नाही," हवालदारानं लिहिलं. "लांबी?"

तिनं हातानं दाखवली. दुसरं करणार काय!

दोन दिवस ती गावभर फिरली. कॉफीच्या दुकानात विचारलं, मासळीबाजारात विचारलं, मशिदीच्या पायऱ्यांवर विचारलं. लोक हळहळले. हळहळीनं का कुठं टाका पडतो? शुक्रवारी, आधी शिवून ठेवलेले सात स्कर्ट तेवढे पोचते करावेत, आणि आता काम होणार नाही म्हणून सांगावं, म्हणून ती पुलावर गेली. तिथं वही सांभाळायला सफ्रीना नावाची पोरगी बसायची. अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा अभिमानही तेवढाच.

"मशीन गेलं? अय्या! बुधवारी? थांबा हं माक, माझ्या वहीत सगळं असतं." तिनं पानं उलटली आणि मोठ्यानं वाचायला लागली. "बुधवार, दुपारी सव्वादोन. दुचाकी. चालवणारा मुझाकिर, राहणार पासिर उजोंग. मागे बायको यूस्निदार. निळी पँट, तंग. उंची पुष्कळ. मांडीवर शिलाई मशीन, काळं, पेटीसह. पेटीमुळं पँट निम्मी झाकलेली, परंतु निम्मीच. सक्त ताकीद दिली. स्कर्ट एक दिला."

जुवैरियानं वहीवर वाकून ती ओळ बोटानं पुन्हा वाचली.

"आणि तिनं स्कर्ट चढवला तेव्हा," ती म्हणाली, "मशीन कुणी धरलं होतं?"

सफ्रीनानं वहीत बघितलं. "तेंगकूंनी."

तेंगकू पलीकडे छत्रीखाली उभे होते. जुवैरिया त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला होता आणि तो उतरवायची तिची इच्छाही नव्हती.

"तेंगकू, चोरीचा माल तुमच्या हातात होता! चोराचं नाव, गाव, सगळं तुमच्या वहीत आहे. चला आता!"

"माक, जड होतं हो ते," तेंगकू आठवून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. खोटं बोलत नसे, कुणाचं फुकट खात नसे. "पण चोरी आमच्या खात्यात येत नाही. ती पोलिसांची. आमच्याकडे फक्त कपडे. उद्या आम्ही चोर धरत बसलो तर कपडे कोण बघणार?"

"पोलीस कुठायत?"

तेंगकूंनी मागे बोट दाखवलं. चौघे पोलीस कठड्याला टेकून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय निरखत होते.

जुवैरिया वळली. दहा पावलं गेली. या आडमुठ्यांपुढं डोकं फोडून घेतलं तरी फुटेल ते आपलंच, हे तिला कळून चुकलं होतं. अकराव्या पावलाला ती थांबली आणि परत आली. आता तिचा आवाज अगदी मऊ.

"तेंगकू, माझ्या जिवाला एक घोर लागलाय. ही यूस्निदार उंच आहे, असं वहीत आहे. सरकारी मापाचा स्कर्ट तिला घोट्याच्या वर चार बोटं राहणार."

"त्या दिवशी तर काही दिसलं नाही."

"त्या दिवशी आत पँट होती. आता ताकीद मिळाल्यावर बिचारीनं पँट काढून टाकली असेल. म्हणजे आता?"

तेंगकूंच्या डोळ्यांसमोर ते उभं राहिलं असावं. त्यांनी नजर नदीकडे वळवली.

"चार बोटं?"

"पाचही असतील. आणि स्कर्ट सरकारी. शिवलेला मी. पाप कुणाच्या माथी जाणार?"

पावणेचारला पथकाची गाडी पासिर उजोंगला पोचली. तेंगकू, पथकाची तीन माणसं, चौघे पोलीस, आणि मधोमध कात्री नि कापडाची पट्टी घेऊन जुवैरिया.

यूस्निदार दारात केळ्याची भजी तळत होती. अंगावर स्कर्ट तोच, घोटे उघडे. मुझाकिर गाडी बघून उठला तो खांबाला धरून उभाच राहिला. आणि ओसरीवर पाटावर मशीन. लाल दोऱ्यासकट. त्याच्या दाबाखाली पोरीचा पांढरा सदरा, अर्धा शिवलेला, बाही वेडीवाकडी.

जुवैरियाचे डोळे भरून आले. तिनं ते डोक्यावरच्या ओढणीनं पुसले आणि खाली बसली.

"स्कर्ट बदलून ये गं," ती यूस्निदारला म्हणाली. "लांबी वाढवायचीय."

सगळे बघत उभे राहिले. तिनं दुमड उसवली, खाली पट्टी जोडली आणि मूठ फिरवली. मशीन ओळखीच्या आवाजात खडखडलं. सरळ, बारीक शिलाई घातली. अशी शिलाई तिनं सरकारी कामाला कधी घातली नव्हती.

यूस्निदार वाकून हळूच म्हणाली, "माक, पोरीच्या शाळेचा गणवेश शिवायचा होता."

"मग कापड घेऊन माझ्याकडे यायचं होतंस. शिवून दिला असता मी." हे ती रागानं म्हणाली, पण खरं होतं. तिनं दाबाखालचा सदरा उचलला, वेडी बाही उसवून पुन्हा जोडली, बटणपट्टी घातली आणि सदरा यूस्निदारच्या हातात दिला.

मग मशीन पेटीत बसवलं, कडी लावली, आणि पेटी उचलून गाडीकडे चालायला लागली.

"अहो तेंगकू!" मुझाकिरला आता कंठ फुटला. "बघताय काय? मशीन घेऊन चाललीय ती! दिवसाढवळ्या चोरी आहे ही!"

चौघा पोलिसांनी तेंगकूंकडे बघितलं. जुवैरियानंही बघितलं.

"तेंगकू, चोरी कुणाच्या खात्यात येते हो?"

तेंगकूंनी विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "पोलिसांच्या," ते म्हणाले.

"आम्ही आत्ता पोशाखाच्या कामावर आहोत," पोलिसांतला एक म्हणाला.

"तर मग बाबा, तू उद्या चौकीत जा," जुवैरिया मुझाकिरला म्हणाली. "तीनच्या आत जायचं. अर्ज घेतात ते. रंग काळा सांग."

परतताना पुलावर सफ्रीनानं गाडी थांबवली, कारण गाडीत बाई होती. तिनं जुवैरियाला वरून खालपर्यंत बघितलं आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: जुवैरिया शिंपीण. पोशाख योग्य. मांडीवर शिलाई मशीन, काळं, पेटीसह. आक्षेप नाही.