झेंडू आणि उलटी बॅटरी

आमच्या यांनी दोन वर्षं खपून एक मेलेली गाडी जिवंत केली आणि त्याच सकाळी दारातली धडधाकट गाडी मारली.

मेलेली गाडी म्हणजे मिनी. साठच्या दशकातली, विलायती, दिसायला खेळण्याएवढी, पण त्या काळी म्हणे शर्यतीत पळायची. देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या बंगल्यामागे तिच्यावर घेवड्याचा वेल चढला होता. यांनी ती वेलासकट आणली. (वेल मी बांधावर लावला. त्याला पहिल्याच वर्षी शेंगा आल्या. गाडीला दोन वर्षं लागली.) तेव्हापासून शेडमध्ये मिनी राहते आणि फुलांच्या जाळ्या आमच्या पलंगाखाली.

धडधाकट गाडी म्हणजे पिकअप. तिच्यातून आमचा झेंडू मार्केटला जातो. झेंडू दसऱ्याच्या दुपारपर्यंत सगळ्यांना हवा असतो, संध्याकाळी त्याला कोणी फुकट हात लावत नाही. तीन महिने पाणी द्यायचं, फवारण्या करायच्या, आणि सगळं त्या दीड दिवसावर.

तर खंडेनवमीची सकाळ. चौदा जाळ्या फुलं तोडून तयार. मी घरातल्या हत्यारांची पूजा उरकली होती. कोयते, विळे, यांचे सगळे पाने-पकडी पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं आणि बजावलं होतं, "उद्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही."

एवढ्यात शेडमध्ये फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज झाला. हे बाहेर आले. डोळ्यांत पाणी.

"शोभा, सुरू झाली."

"बरं झालं. पिकअप काढा."

"काढतो. तिची बॅटरी हिला नुसती अडकवून बघितली होती, तेवढी हातानेच परत बसवतो."

बसवली. पिकअपमध्ये टक्क झालं, मग धूर, मग जळक्या रबराचा वास.

"काय केलंत?"

"अगं, मिनीचं उलटं असतं. सगळ्या गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जोडतात, हिच्यात पॉझिटिव्ह. दोन वर्षं तेच डोक्यात बसलंय, त्यामुळे पिकअपलाही तसंच..."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या मळ्यातल्या लोकांनी ऐकलंय, त्यांना विचारा.

वाल्मीक मिस्तरींना फोन केला. आमच्या गाड्यांचं सगळं काम तेच करतात.

"वहिनी, आज नाय जमायचं. पाने पूजेला बसलेत."

"मिस्तरी, माझी फुलं इथे उन्हात आहेत."

"माझा शब्द नाय, देवाचा हे. उद्या शिलंगण झालं की पहिला पाना तुमच्या गाडीला."

दुसरा टेम्पो? खंडेनवमीला नाशकात रिकामा टेम्पो शोधणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपाशी माणूस शोधणं. मिळेल, पण तो वाढपी असेल आणि त्याला वेळ नसेल. राहिली मिनी. मागची सीट अजून बसवलेली नव्हती, हे त्या गाडीचं एकमेव चांगलं.

"जाळ्या दारातून जात नाहीत," हे म्हणाले.

"ओता आत. मोकळीच ओता."

बॅटरी पुन्हा मिनीत टाकायची होती. मी सरळ पाटावरचा दहा नंबरचा पाना उचलला.

"अगं, पूजेतला?"

"बाजूला व्हा. आजपासून या घरात वायर मी जोडणार. तुम्ही फुलं भरा."

हे पुढच्या दारातून फुलं ओतत बसले. पिकअपची बॅटरी मी चार वेळा बदललेली आहे. पुसून, घट्ट आवळून, पाच मिनिटांत जोडली. किल्ली फिरवली, सुरू झाली. "बघा," मी म्हटलं, "याला काम म्हणतात."

चालवायलाही मीच बसले. ही म्हातारी गाडी अशी काही पळते की विचारू नका. फुलं माझ्या कानापर्यंत, यांच्या मांडीवर आणखी एक पोतं, आणि मी वाटभर बोलत होते. अक्कल. लक्ष. माणसाला एक वायर नीट जोडता येऊ नये. हे पोतं सांभाळत होते.

सिग्नलला गाडी तीनदा बंद पडली, तीनदा स्टार्टर मारला. चौथ्यांदा ऐन नाशकातल्या द्वारका चौकात बंद पडली आणि स्टार्टरने हूं की चूं केलं नाही. मागे बस, बाजूला रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न.

पोलीस आला. "मावशी, वरात कुणाची?"

"माझी. ढकला."

तिघांनी ढकलून कडेला लावली. यांनी पोतं बाजूला ठेवलं, डिकी उघडली (मिनीची बॅटरी मागे असते) आणि वायरी चाचपल्या.

"शोभा, बॅटरी कशी जोडलीस?"

"जशी जोडतात तशी. निगेटिव्ह बॉडीला..."

उलट्या गाडीला मी सुलटी बॅटरी जोडली होती. निघाल्यापासून ती भरण्याऐवजी रिकामी होत होती.

इतक्यात एका रिक्षावाल्याने खिडकीतून डोकं घातलं. "ताई, गाडीला हार मिळंल का?"

"हार नाही. फुलं आहेत. ओवा तुमची तुम्ही."

त्याने घेतली. त्याच्यामागे दुसरा आला, मग बसचा कंडक्टर, मग पोलीसही. आमच्याकडे काटा नव्हता, म्हणून यांचं हेल्मेट माप म्हणून वापरलं. (मिनी चालवताना घालायला त्यांनी हौसेने आणलं होतं.) दुपारी तीनला गाडीत फक्त पाकळ्या उरल्या. मार्केटपर्यंत आम्ही पोचलोच नाही.

संध्याकाळी गाडी दोरीला बांधून घरी आणली. यांनी पाना घेतला, वायरी उलट केल्या, पाना पुसून पाटावर ठेवला. मी स्वयंपाकघरातून वाट बघत होते. आता बोलतील. सकाळचं एकेक वाक्य मला परत करतील, तशी माझी तयारी होती.

हे हात धुऊन आले आणि म्हणाले, "गिअर मात्र तू सुरेख टाकतेस."

बस, एवढंच. सव्वीस वर्षांत या माणसाला मला सुनावायची एकच हक्काची संधी मिळाली, ती त्याने अशी वाया घालवली. आणि पिकअपवरून त्यांना जन्मभर बोलायची माझी सोय गेली ती गेलीच.