फ्यूज माझ्या खिशात

"हां, शिडीला हात लाव. जरा हस की," फोटोवाला म्हणला.

हात लावला. हसलो नाही. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात पक्कड, मागं टॉवेलचे गठ्ठे. सुपरवायझर साहेब पाहुण्यांना सांगत होते, "हा आमचा दिव्यांग वायरमन. आपण अशा लोकांना सन्मानानं काम देतो." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबायच्या आत साहेबांनी माझ्या डोक्यावरचं हेल्मेट उचललं. न विचारता. लेकराचं टोपडं काढावं तसं. आणि रफीकभाईच्या हातात दिलं.

"घे, चढ तू. आणि तू काय उभारलायस बे? जा, स्टुलावर बस."

संपला सन्मान. फोटो तेवढा ऑफिसच्या भिंतीवर लागला.

चिंचोळी एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. माझा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला. चालताना गुडघ्यावर हात दाबून चालतो. आयटीआयला वायरमनचा ट्रेड घेतला तेव्हा तिथले सर म्हणायचे, "तू थिअरीवर भर दे." मी भर शिडीवर दिला. सगळी पोरं जेवायला गेली की चढायचो. हातांनी अंग वर ओढायचं, चांगला पाय पायरीत अडकवायचा, कमरेची दोरी शिडीला बांधायची. मग दोन्ही हात मोकळे. कुणी शिकवलं नाही. पडलोसुद्धा. दात पडला, पण चढणं सोडलं नाही.

गोड बोलणाऱ्याचा मला पहिल्यापासून संशय येतो. एसटीत कुणी उठून जागा दिली की मी आधी बघतो, ती सीट फाटकी तर नाही. कारखान्यात पहिल्याच दिवशी स्टूल मिळालं, तेव्हा वाकून त्याचे पाय बघितले. पाय नीट होते. खोट कुठं आहे ते कळत नव्हतं. आई म्हणायची, "बसून पगार मिळतोय की लेकरा, अजून काय पायजे तुला?" आई, फुकट कोण बसवतं गं?

स्टुलावर बसून करायचं काय, तर फ्यूज सांभाळायचा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मागांच्या खडखडाटात वरचा माणूस बोंबलला तरी खाली ऐकू येत नाही. म्हणून जो वर चढणार, तो आधी लाइनचा फ्यूज काढतो आणि स्वतःच्या खिशात घालतो. चिनीमातीचा तो ठोकळा खिशात असला की खालून कुणी लाइन चालू करू शकत नाही. आपला जीव आपल्याजवळ. पण ह्या कारखान्यात मी आल्यापासून रीत मोडली. साहेब म्हणाले, "खिशात कशाला? हा हाय की बसलेला. ह्याच्याकडं द्या." रफीकभाई जुना वायरमन, साधा माणूस. त्यानं दिला.

एक दिवस बाहेरगावचे गिऱ्हाईक माल बघायला येणार होते, आणि कोपऱ्यातल्या ट्यूब गेलेल्या. रफीकभाई वर. मध्ये गठ्ठ्यांची थप्पी, त्यामुळं स्टुलावरून तो दिसत नव्हता. थप्पीच्या कडेनं शिडीचा पायथा तेवढा दिसत होता. साहेब धावत आले.

"टाक फ्यूज! गाडी गेटवर आली!"

"रफीकभाई?"

"उतरला तो. चहाला गेला. टाक."

मी पायथ्याकडं बघितलं. रफीकभाईच्या चपला तिथंच. वर जाताना तो चपला काढून रबरी बूट घालतो, उतरला की आधी चपला. चपला हायत म्हणजे माणूस वर हाय.

"टाकत नाही," मी म्हणलं.

"लंगड्या, पगार कशाचा घेतो बे तू? टाक!"

साहेबांना तो उतरला असं खरंच वाटलं होतं का ते खोटं बोलले, मला आजही माहीत नाही. मी खोटंच धरून चालतो. रफीकभाई तारेला चिकटला असता तर पोलिसांनी पहिलं काय विचारलं असतं? फ्यूज कुणाकडं होता? लंगड्याकडं. खोट आत्ता सापडली. हे स्टूल बसायला नव्हतं, उद्या काही झालं तर माझ्या नावावर बिल फाडायला होतं. आणि मी त्यावर बसून दुपारचा डबा खात होतो! आग लागो त्या स्टुलाला.

फ्यूज खिशात घातला. गुडघा दाबत शिडीपाशी गेलो, हाक ऐकू जाणार नव्हती म्हणून शिडी हलवली. रफीकभाई खाली आला. सगळं सांगितलं. "या अल्ला," म्हणून तो तिथंच बसला.

"उरलेलं काम मी करतो," मी म्हणलं.

"तेरेकू चढने आता क्या रे?"

साहेबांच्या शिवीपेक्षा ह्या प्रश्नाचा राग मला जास्त आला. शेजारी बसून भाकरी खाणारा माणूस.

"कधी विचारलंस का?"

चढलो. पाय अडकवला, दोरी बांधली, जोड पक्का केला, टेप मारली. साहेब खालून हातवारे करत होते. खडखडाटात ऐकू काही येत नव्हतं, पण ओठांवरून एक शब्द कळला. माझ्या ओळखीचाच. काम संपवून उतरलो, खिशातला फ्यूज माझ्या हातानं बसवला. ट्यूब लागल्या.

"उद्यापासून येऊ नको," साहेब म्हणाले.

"येत नाही. पण भिंतीवरचा फोटो काढा. त्यात मी जमिनीवर हाय."

फोटो अजून तिथंच आहे, असं रफीकभाई सांगतो. तो मात्र आता फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवतो म्हणे. ठेवत असेल. बघितल्याशिवाय मी मानत नाही.

आता शहरात घरांची, दुकानांची कामं घेतो. दार उघडणारा आधी पाय बघतो, मग विचारतो, "वर कोण चढणार?" मी चढणार. फ्यूज काढतो, खिशात घालतो. कुणी मायेनं हात पुढं करतं, "द्या इकडं, मी धरतो. तुमी बसा जरा." कुणी पुढं स्टूल सरकवतं.

देत नाही. कुणालाच नाही. बसतही नाही. तुमची माया तुमच्याजवळ ठेवा, स्टूल तुम्ही घ्या, आणि शिडीखालून बाजूला व्हा.