गुडघे कुणाचे मोजायचे

"खुर्चीतनं आधाराशिवाय उठता येतं का, असं मला इचारतीस व्हय गं?"

हवालदार असे ओरडले, की पलीकडच्या डोंगरावर बसलेल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. आमची सर्व्हे करणारी मुलगी माझ्यामागे लपली. मी सुपरवायझर. अशा वेळी पुढे होणं माझ्या नोकरीतच येतं.

हवालदार नुकतेच फौजेतून पेन्शनवर आलेले. वय चाळिशीतलं, मिशा दाराच्या चौकटीत न मावणाऱ्या. त्यांनी खुर्ची तिच्यात बसलेल्या पुतण्यासकट उचलून दाखवली. मी निमूटपणे लिहिलं: उठता येतं.

मेढ्याजवळच्या त्या गावात आमचा पायलट चालू होता. पायलट म्हणजे मोठ्या अभ्यासाआधीची रंगीत तालीम. विषय होता निवृत्त माणसांची गुडघेदुखी. दुखणं जास्त निघालं तरच गावात दर आठवड्याला फिजिओथेरपिस्ट येणार होता. आणि आमचे निकाल असे, की ऑलिंपिकची टीम या एका गावातूनच उचलावी.

समोरच्या दुकानात बशीरचाचा कपडे शिवत बसलेले. सत्तरी ओलांडलेली. त्यांनी मशीन पायानं हाणलं, की गुडघ्याची करकर थेट कराड स्टेशनात ऐकू जायची. पण त्यांना आम्ही विचारलंच नव्हतं. प्रस्तावात व्याख्या होती: निवृत्त म्हणजे पेन्शन घेणारी व्यक्ती. चाचांना पेन्शन कुठली? आणि काम तर चालूच. घरटी एक फौजी, आणि फौजी चाळिशीतच पेन्शनवर येणार; अशा गावात या व्याख्येनं सगळे पैलवान आत घेतले आणि सगळे म्हातारे बाहेर ठेवले.

तिथूनच आमच्या डायरेक्टर मॅडमना फोन लावला.

"व्याख्या कमिटीनं मंजूर केलीय," मॅडम म्हणाल्या.

"कमिटीचे गुडघे मोजायचे असतील तर राहू द्या. इथले मोजायचे तर वय धरा. साठ पूर्ण, पेन्शन असो-नसो, काम चालू असो-नसो."

सॅम्पल बदलेल, वेळ जाईल, असं बरंच काही त्या बोलल्या. मागचा हवालदारांचा आवाज त्यांना ऐकू जातच होता. मी विचारलं, हवालदारांकडे फोन देऊ का?

"नको. बदला."

बदललं. मग घराघरातून जे गुडघे बाहेर आले, त्यांच्या आवाजानं फॉर्मवरची शाई हलत होती. फिजिओथेरपिस्ट मंजूर झाला. धडा एवढाच: व्याख्या ज्याला आत घेते, त्याचंच दुखणं रिपोर्टात दिसतं. म्हणून आधी शब्द गावाशी ताडून बघावेत, मग गुडघे मोजावेत.

तो आला त्या पहिल्याच दिवशी चाचा टेबलावर पाय सोडून बसले. त्यांचा नंबर कसा लागला, ते मी रंगवून सांगितलं. व्याख्या, कमिटी, माझा फोन, सगळं. फिजिओथेरपिस्टही हात थांबवून ऐकत राहिला.

चाचा म्हणाले, "ते झालं. आता ह्यास्नी गुडघा बघू द्या."