गोळी गरम पडते

"मॅडम, आईशप्पथ, एक गोळी चुकवली नाही!" विलासने रिकामी बाटली टेबलावर आपटली. धाप लागली होती, तरी आवाज चढलेला.

समोर त्याचा व्हायरल लोडचा रिपोर्ट होता. रक्तात एचआयव्हीचे विषाणू किती आहेत, ते त्यातून कळतं. भरपूर होते.

मी परळच्या एका एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, काउन्सेलर. पेशंटने गोळ्या नेमाने घ्याव्यात म्हणून मागे लागणं हे माझं काम. थापाड्या पेशंट मला दारातूनच कळतो मेला. विलास थापा मारत नव्हता, आणि तेच डोक्यात जात होतं.

तो वरळीच्या बीडीडी चाळीतला. आमच्याकडे आला तेव्हाच आजार पुढे गेलेला. सीडी-फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, संपत आलेल्या. एचआयव्हीत एका औषधाने भागत नाही, विषाणू त्याला लवकर सरावतो. म्हणून तीन औषधांचा एकदम मारा करायचा. तिन्ही एकाच गोळीत असतात, रोज एक. अंथरुणाला खिळलेली माणसं त्या गोळीवर उठून कामाला गेलेली मी पाहिलीयत. विलास मात्र वाळतच चालला होता.

"सेकंड लाइनला टाकू," डॉक्टर म्हणाले. म्हणजे पुढची, राखीव औषधं.

"सर, ती आत्ताच वापरली तर पुढे काय उरणार?"

"आणि थांबलो नि तो गेला तर?"

"थोडे दिवस द्या," मी म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी विलासला आईसकट बोलावलं. आईला सगळं ठाऊक होतं, औषधपाणी तीच बघायची. "मावशी, घरी गोळी देता तश्शी इथे देऊन दाखवा."

मावशींनी पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली. मग दुसरी बाटली. पित्तावरचं गुलाबी पातळ औषध. ते चमच्यात ओतून चमचा लेकाच्या तोंडाशी नेला.

"थांबा! हे कशाला?"

"गोळी गरम पडता गो बाय. पोटात आग होता तेच्या. म्हणान आधी ह्या थंड देतंय."

मी कपाळावर हात मारला. त्या पातळ औषधातले क्षार गोळीतल्या मुख्य औषधाला पोटातच धरून ठेवतात. ते रक्तात पुरतं उतरतच नाही.

"विलास, दुसरं औषध काही घेतोस का, दरवेळी विचारते ना रे मी?"

"हे काय औषध आहे? आमच्याकडे सगळेच पितात!"

मावशींचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच माझ्या झिलाक..." मी त्यांच्या हातातला चमचा अलगद काढून घेतला. "मावशी, तुम्ही नसता तर हा इथवर पोचलाच नसता," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

डॉक्टरांनी पातळ औषध बंद केलं, गोळी जेवणानंतर घ्यायला सांगितली. "तीच गोळी चालू ठेवू, टेस्ट तीन महिन्यांनी पुन्हा करू. ताप, खोकला, काही झालं तर सरळ इथे यायचं." ते महिने माझे फार वाईट गेले. फोन वाजला की वाटायचं, विलासच्या घरचा तर नाही ना?

रिपोर्ट आला. विषाणू टेस्टमध्ये सापडलेच नाहीत. सीडी-फोर पेशी सावकाश वाढायला लागल्या. राखीव औषधं राखीवच राहिली. विलास आता कुरिअर ऑफिसात बसून पार्सलं लावतो आणि माझ्याशी हुज्जत घालण्याइतका धडधाकट आहे.

मी आता 'दुसरं औषध काही?' एवढ्यावर थांबत नाही. गोळीच्या आगेमागे पोटात काय काय जातं, ते विचारते. एकेक उत्तर ऐकून माझेच हातपाय गार पडतात.