आईच्या टॅबचा पत्ता

राउटर घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला आपोआप एक पत्ता देतो. तो मिळाल्याशिवाय इंटरनेट चालत नाही. जे. पी. नगरच्या आमच्या घरात हे आपोआप देणं मी बंद करून ठेवलं होतं. माझ्या, बायकोच्या, मुलीच्या फोनमध्ये मी हाताने आकडे भरले. आईचा टॅब तेवढा सोडला. विसरून नव्हे.

आई आणि नागपूरची मावशी रोज दुपारी व्हिडिओ कॉल लावून समोरासमोर भाजी निवडत बसायच्या. मावशीला ऐकू येत नसे, ती ओठ बघून समजून घ्यायची. तरी आई ओरडूनच बोलायची. "ताई, देठं किती ठेवतेस? गुरांना घालायचीय का मेथी?" ती मेथी घरून चालणाऱ्या माझ्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकू जायची. एकदा साहेब हसले. आईला हळू बोल म्हणायचं सोडून मी राउटरचं सेटिंग उघडलं.

मग टॅबवर 'पत्ता मिळवत आहे' एवढंच दिसत राहिलं.

"तुमचं सगळ्यांचं चालतं, माझंच का रे अडतं?"

"जुना झालाय तो. बघतो."

ती टॅब बाल्कनीत नेऊन उन्हात वर धरायची. शेजारच्या कानडी अक्का धीर द्यायच्या, "स्वल्प इरी, जरा थांबा, येईल." साध्या फोनचा उपयोग नव्हता, मावशीला चेहरा लागायचा. मी बघतो, बघतो म्हणत राहिलो आणि मावशी गेली. झोपेतच.

परवा मुलीची मैत्रीण राहायला आली. तिचा फोन जोडेना. बायको म्हणाली, "काय करून ठेवलंयस ते सरळ कर बाबा." मी केलं. राउटरच्या यादीत मैत्रिणीचा फोन आला आणि त्याच्याखाली आईचा टॅब. आई तो अजून रोज चार्ज करत होती, हे मला माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात टिंग टिंग सुरू झालं. थांबेचना.

आई टॅब घेऊन आली. मावशीचे न लागलेले कॉल, एकाखाली एक. मध्येच एक ओळ: 'दिसत नाहीस. रागावलीस का ग?'

"मीच बंद केला होता," मी म्हणालो. "तुझ्या आवाजाचा त्रास व्हायचा."

ती त्या ओळीकडे बघत राहिली. मग टॅब माझ्या हातात दिला.

"मला काय सांगतोस. विचारलंय तिने. तिला सांग."

मी लिहिलं. आई रागावली नव्हती मावशी, टॅब मी बंद पाडला होता. पाठवल्यावर एकच टिक आली. आईने टॅब पहिल्यासारखा पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला.

आज दुपारी मेथी निवडताना तिने मला बोलावलं. दुसरी टिक आली होती. मावसभावाने तिकडे फोन चालू केला असणार, एवढं मला कळतं.

"पोचलं," आई म्हणाली. त्या टॅबसमोर ती इतकं हळू कधीच बोलली नव्हती.