सरकीची परीक्षा

आमच्या धुळ्याच्या नर्सरीत गुलाब-मोगऱ्याच्या रांगेत कपाशीची रोपं बघून नवी गिऱ्हाइकं हसायची. ‘इथं कापूसही विकता का?’ ती रोपं विकायची नव्हतीच. कुंड्यांसाठी खताची नवी खेप आली, की द्वारकाअक्का त्यातलं ओंजळभर खत फुटक्या कुंडीत घालून सरकीचे सात-आठ दाणे टोचत. मग पंधरा दिवस त्या ढिगाला कुणी हात लावायचा नाही, मालकानेसुद्धा नाही. मालक म्हणजे मी.

अक्का शिरपूरकडच्या एका खेड्यातल्या. सगळा जन्म कपाशीत गेलेला. शेत मुलाच्या, भटूच्या, हाती देऊन त्या धुळ्यात लेकीकडे आल्या आणि रिकामं बसवेना म्हणून माझ्याकडे खताच्या पिशव्या भरायला लागल्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. अजून पिशवीचं तोंड शिवताना मी मागे वळून बघतो.

खत त्या आधी मुठीत दाबत. गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर मोकळा व्हावा. पाणी निथळलं तर मुळं कुजणार, भुगाच राहिला तर पाणी थांबणार नाही. मग वास. “नाकले झोंबनं म्हंजे कच्चं शे. अजून शिजू दे.” नारळाच्या भुशाचं पाणी तर त्या चक्क जिभेला लावत आणि तोंड वाकडं करून म्हणत, “खारं शे. धुई काढ.” मला किळस यायची, पण भुसा मी धुऊन घ्यायचो.

सरकी शेवटची. तणनाशकाचा अंश खतात असला, तर दुसरं झाड कदाचित सोसेल. कपाशी लगेच पानं आवळून घेते. एवढं थोडंसं चालतं हो, असं मी एकदा म्हणालो. तेव्हा अक्का म्हणाल्या, “शेतमा मूळ दुसरीकडे पळी जास. कुंडीमा ते बिचारं कोठे पळी?”

एका उन्हाळ्यात आमचं नेहमीचं खत मिळेना. मी अक्कांच्याच शब्दावर भटूकडून ट्रॉलीभर शेणखत आणलं. काळंभोर, भुसभुशीत, वासाला उत्तम. अक्का दिवसभर खुशीत होत्या. पंधरा दिवसांनी त्याच मला हाताला धरून कुंडीपाशी घेऊन गेल्या. कपाशीची पानं चिरल्यासारखी अरुंद झाली होती. भटूने तणनाशक फवारलेलं बांधावरचं गवत शेणखताच्या खड्ड्यात टाकलं होतं.

“दुसऱ्या खतात थोडं थोडं मिसळून काढू,” मी म्हणालो.

“मना पोरनं शे म्हनीसन काय व्हयनं? परत धाड.”

भटू ट्रॉली न्यायला आला, तेव्हा मी माझी कातडी वाचवली. गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, “माझं काही नाही बाबा, तुझ्या आईनेच नापास केलं.” भटू आईकडे वळला. “तू मनी माय शे का यासनी?” अक्का पुढची पिशवी भरत राहिल्या.

श्रावणात आमच्या खानदेशातल्या देवीचा, कानबाईचा, सण आला. त्या दिवशी सगळे भाऊबंद एकत्र बसून प्रसादाचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, खातात. ज्याला बोलावणं नाही तो घराबाहेरचा. त्या रविवारी नर्सरीत गेलो, तर अक्का एकट्याच माती चाळत होत्या. “गावाला नाही गेलात?” त्या चाळणी हलवत म्हणाल्या, “बलावनं नही.”

मला स्वतःची लाज वाटली. तसाच मोटारसायकलने गावी गेलो. भटूला अंगणात सांगितलं, “मी ते खत मिसळून विकणार होतो. आईने अडवलं म्हणून माझं नाव राहिलं. आणि चारचौघांत मी तिलाच पुढे केलं.”

“खत खराब व्हतं, हाई माले बी समजनं व्हतं,” भटू म्हणाला. “पन लोकससमोर...” त्याने गाडी काढली. नर्सरीत पोहोचल्यावर आईला एवढंच म्हणाला, “चाल, रोट थंडा व्हई ऱ्हायनात.” अक्का हातही न धुता मागे बसल्या.

मंगळवारी त्या कामावर आल्या. मी कुठे गेलो होतो ते त्यांना कळलं होतं. पिशव्या भरता भरता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “भाऊ, रोट बाहेरनासले देतस नही. तुना वाटाना रोट मीच खाधा.”